घोरपडीची कच्ची कलेजी

वॉर्डात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "यांनी गेल्या महिना-दीड महिन्यात काही कच्चं खाल्लंय का? गोगलगाय, खेकडा, बेडूक, घोरपड, असलं काही?"

मला इतका राग आला की मी स्टुलावरून उठलेच. म्हटलं, "मॅडम, आम्ही चूल पेटवून खाणारी माणसं आहोत." शेजारच्या खाटेवरचे लोक वळून बघायला लागले. माझा नवरा डोळे मिटून पडला होता, पण जागा होता. बाईंनी त्यालाही तेच विचारलं. तो म्हणाला, "नाही." खाटेच्या पायाशी केळ्यांची पिशवी घेऊन दादा उभा होता. त्याला कुणी विचारलंही नव्हतं. तरी तो म्हणाला, "नाही हो मॅडम, लई साधा माणूस आहे. भाजी-भाकरी खाणारा."

त्या तीन उत्तरांतलं मनापासून दिलेलं उत्तर फक्त माझं होतं, आणि तेही खोटंच निघालं.

दादा आमच्या नात्यातला नाही. तो आमच्या तालुक्यातला, मराठवाड्यातला. आमच्या कितीतरी आधी भोसरीला आला. लग्नानंतर आम्ही इकडे आलो तेव्हा त्यानंच खोली बघून दिली, त्यानंच नवऱ्याला एमआयडीसीतल्या प्रेस शॉपमध्ये कंत्राटदाराकडं लावलं. घरात त्याचा शब्द म्हणजे सासऱ्यांचा शब्द. मी त्याला राखीसुद्धा बांधायचे. शॉपमध्येही तसंच. कुणाचं भांडण मिटवायचं, कुणाला सुट्टी मिळवून द्यायची, कुणाला औषध सांगायचं, सगळं दादा. औषधांवर तर त्याचा फारच जोर. मूतखड्याला हे, मूळव्याधीला ते.

नवऱ्याची पाठ त्या प्रेस शॉपनंच खाल्ली. पत्र्याला आकार देणारे लोखंडी साचे, त्यांना ते डाय म्हणतात, ते हातांनी सरकवून मशिनवर चढवायचे. उचलायला यंत्र होतं, पण ते बंद पडलं की महिनोन्महिने बंदच. डॉक्टर म्हणाले, वजन उचलू नका, विश्रांती घ्या. कंत्राटी माणसाला विश्रांती म्हणजे काम गेलं. तो पट्टा बांधून जायचा, घरी येऊन फरशीवर उताणा पडायचा, आणि मी चाकणच्या कंपनीतून गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधून आले की त्याच्या पाठीला तेल लावायचे. माझी पाठ कोण बघणार होतं ते सोडा.

श्रावण लागायच्या आधी पुरुषांची गटारीची पार्टी असते. त्या रविवारी शॉपमधली पाच-सहा माणसं चाकणच्या पलीकडं कुणाच्या तरी शेतावर गेली. दादाच घेऊन गेला. संध्याकाळी नवरा परत आला तो खुशीत. तोंडाला दारूचा वास होता, ते मी गटारीला धरून सोडून दिलं.

"काय केलं होतं?" मी विचारलं.

"मटण. आणि दादानं पाठीचं औषध दिलं. आता बघ, दसऱ्यापर्यंत पाठ एकदम सरळ."

"कसलं औषध?"

"झाडपाल्याचं. कडू होतं."

मी पुढं विचारलं नाही. का विचारणार? दादाचं औषध होतं.

श्रावण अर्धा झाला असेल, तेव्हा त्याचं डोकं दुखायला लागलं. साधं नाही. आतून कुणी पाचर ठोकतंय असं म्हणायचा. उलट्या व्हायच्या. मान वाकवता येईना. मग अंगाची आग सुरू झाली. शर्ट अंगाला सहन होईना. पंख्याचा वारा लागला तरी कातडीवर मिरची चोळल्यासारखं व्हायचं. मी रोजच्यासारखा पाठीला हात लावला तर असा ओरडला की खालून घरमालकीण धावत वर आली. नवरा बायकोच्या हाताला ओरडतो, आता लोक काय समजायचे ते समजले.

गल्लीतल्या डॉक्टरांनी आधी अ‍ॅसिडिटी म्हटलं, मग व्हायरल. डेंग्यूसाठी रक्त तपासलं. त्या कागदावर एक आकडा ठळक अक्षरात आला होता. मी बोट ठेवून विचारलं, "हे काय आहे?"

"इओसिनोफिल. रक्तातल्या पेशी असतात, अ‍ॅलर्जीत वाढतात. एमआयडीसीत सगळ्यांच्याच वाढलेल्या असतात ताई. धूळ." आणि त्यांनी सर्दीच्या गोळ्या दिल्या.

मला त्या डॉक्टरांचा आजही राग येतो. धूळ आहे हे खरं, पण म्हणून माणसाच्या रक्तात काही दिसलं की ते धुळीवर ढकलून मोकळं व्हायचं? आमच्या पट्ट्यात प्रत्येक दुखण्याला दोनच कारणं मिळतात, धूळ आणि टेन्शन. धुळीच्या गोळ्या संपल्या तेव्हा टेन्शनच्या सुरू झाल्या. कंत्राटदाराचा सुपरवायझर मला फोनवर म्हणाला, "वहिनी, खरं सांगा, दारू टाकून पडतो का घरी? इथं माणसं कमी आहेत राव." माझ्या नवऱ्याला तेव्हा घोटभर पाणी पोटात ठरत नव्हतं.

एका सकाळी मी चहाचा कप पुढं केला, तर त्यानं कपाच्या शेजारी हवेत हात घातला.

"दोन दिसतायत," तो म्हणाला. "तू पण दोन दिसतेस."

मी त्याच्या तोंडाकडं नीट बघितलं. डावा डोळा आत, नाकाकडं वळला होता. मग मात्र मी कुणाला विचारलं नाही. रिक्षा केली आणि दिघीतल्या एका खासगी दवाखान्यात नेलं. त्यांनी डोक्याचा फोटो काढला, फोटोत काही नाही म्हणाले, आणि मेंदूचा टीबी असेल असं ठरवून गोळ्या सुरू केल्या. 'असेल' एवढ्यावर. टीबीचं नाव निघाल्यावर जे होतं ते सगळं झालं. समोरच्या खोलीतल्या बाईनं तिच्या पोरींना आमच्या दारातून जाऊ देणं बंद केलं. कंत्राटदारानं कळवलं, बरा झाल्याचा कागद आणल्याशिवाय गेटवर यायचं नाही. गोळ्यांनी लघवी लाल झाली, डोकं तेवढंच दुखत राहिलं.

तिथून मी त्याला मोठ्या दवाखान्यात हलवलं. तिथं पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासू या. सासूबाई गावाकडून फोनवर रडायला लागल्या. "पाठीत सुई घातली की माणूस लुळा पडतो. करू देऊ नको." दादाही म्हणाला, "वहिनी, सही करू नका. आधीच त्याची पाठ कमजोर." मी सही केली. हे सगळं होत असताना मला ठाम वाटलेली ती एकच गोष्ट. पाणी काढल्यावर थोड्या वेळानं नवरा म्हणाला, "डोक्यावरची गोणी कुणीतरी उतरवली." बाईंनी नंतर सांगितलं, आत दाब वाढला होता, तो उतरला.

त्या पाण्यातही तेच निघालं. इओसिनोफिल, गल्लीतल्या डॉक्टरांची धूळ. डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या, माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. त्या म्हणाल्या, मेंदूभोवतीच्या पाण्यात या पेशी एवढ्या दिसल्या की आधी किड्याचा संशय घ्यायचा, आणि किडा तोंडावाटेच येतो. म्हणून त्यांनी तो प्रश्न विचारला. तिघांनीही नाही म्हटलं.

मग बाई म्हणाल्या, "कच्च्या पालेभाजीतूनही होऊ शकतं. पावसाळ्यात पानांवर बारीक गोगलगायी असतात, दिसत नाहीत. भाजी कुठून आणता? घरी काही लावलंय का?"

लावलं होतं. रंगाच्या रिकाम्या डब्यांत कोथिंबीर आणि पुदिना, जिन्याखाली. घरमालकिणीनं आणि मी मिळून. म्हणजे मीच? माझ्या हातचं खाऊन? त्या दिवशी मी घरी आले आणि सगळे डबे उपटून गटारात टाकले. भिंतीवर त्या मोठ्या गोगलगायी चढलेल्या होत्या, हल्ली पाऊस पडला की इकडं सगळीकडं दिसतात त्या. त्यांच्यावर मिठाची पिशवी रिकामी केली. घरमालकीण ओट्यावर बसली होती. ती इथलीच, जुन्या गावठाणातली. तिच्यावर मी काय काय बोलले ते मला लिहवत नाही. तुमच्या परड्यात उंदीर, तुमच्या परड्यात घाण, भाडं घेताना बरं कळतं, असलं.

ती एवढंच म्हणाली, "अगं, म्या बी तीच कोथमीर खाती. नातवंडास्नी बी घालती. आमास्नी न्हाई काय झालं."

सासूबाईंना हे कसं कळलं देव जाणे. दादानंच सांगितलं असणार. मी नवऱ्याच्या खाटेपाशी बसले होते तेव्हाच त्यांचा फोन आला. "भाजी धुऊन घालत नव्हतीस का गं माझ्या लेकराला?" रात्रपाळी असो, दिवसपाळी असो, मी भाजी तीन पाण्यांनी धुते. तेव्हापासून मी ती पाच पाण्यांनी धुवायला लागले. दवाखान्यात डबा नेला की नवरा तो खायचा. माझ्या हातचा. मी भाजी कशी धुतली ते सांगत राहायचे, आणि तो डोळे मिटून ऐकायचा.

खरं कळलं ते एका बाईकडून. तिचा नवरा याच शॉपमध्ये होता, दापोडीला राहायचे. पार्टीला तोही गेला होता. ती भेटायला आली, बाहेरच्या बाकावर माझ्याजवळ बसली आणि हळूच म्हणाली, "वहिनी, आमच्या ह्यांचं पण डोकं दुखतंय. जास्त नाही. पण मला भीती वाटते. डॉक्टर त्या घोरपडीचं काय म्हणाले?"

"कोणत्या घोरपडीचं?"

तिचा चेहरा उतरला. तिला वाटलं होतं, मला माहीत आहे. तिनं तिच्या नवऱ्याला दादाशी फोनवर कुजबुजताना ऐकलं होतं. मग तिनं सगळं सांगितलं. शेतावर कुणीतरी घोरपड धरून आणली होती. बाकीच्यांनी तिचा रस्सा करून खाल्ला. ज्यांची पाठ दुखते त्या दोघांना, तिच्या नवऱ्याला आणि माझ्या, दादानं कलेजी कच्ची दिली. दारूच्या घोटाबरोबर, न चावता गिळायची.

दादा त्याच दुपारी आला. मी त्याला गेटबाहेरच्या चहाच्या टपरीपाशीच गाठलं.

"घोरपडीचं डॉक्टरांना का सांगितलं नाही?"

त्यानं आधी इकडंतिकडं बघितलं. "हळू बोला वहिनी. कायद्यानं बंदी आहे. वनखातं गुन्हा दाखल करतं. सगळ्यांच्या नोकऱ्या जातील."

"त्याचा डोळा गेला असता."

"घोरपडीनं काय होत नाही हो. मी पोरवयापासून खातो. वाघासारखी पाठ होती."

"तुम्ही कच्ची खाता?"

"शिजवली की गुण जातो. औषधाची कच्चीच लागती."

"मी विचारलं, तुम्ही कच्ची खाल्लीय का कधी?"

तो अगदी सहज म्हणाला, "माझी पाठ कुठं दुखती?"

टपरीवरची माणसं बघत होती. मी त्याचा शर्ट धरला आणि म्हणाले, चला वर, डॉक्टरांसमोर हे बोला. त्यानं माझी बोटं एकेक करून सोडवली, "वहिनी, तुम्ही आत्ता तापलेल्या आहात," म्हणाला आणि गाडी काढून निघून गेला. या माणसानं खाटेच्या पायाशी उभं राहून माझ्या कोथिंबिरीची चौकशी ऐकली होती. माझ्या सासूला फोन केला होता. केळी आणली होती.

मी वर गेले. लग्न झाल्यापासून मी नवऱ्याला अहो म्हणत आले होते. त्या दिवशी वॉर्डात, सगळ्यांसमोर, माझ्या तोंडून 'तू' निघालं.

"तू घोरपड खाल्लीस?"

त्यानं डोळे उघडले. एक सरळ, एक आत वळलेला.

"दादानं शपथ घातली होती."

"आणि मी? तुझ्या आईनं मला फोनवर काय म्हटलं ते तू ऐकलंस. मी तुझ्यासमोर बसून रडले. मी त्या म्हातारीला नको ते बोलून आले. तू इथंच होतास ना? इथंच पडून होतास ना?"

"मला वाटलं, औषध तर चालूच आहे. सांगून काय फरक पडतोय?"

नर्स मला बाहेर घेऊन गेली. मी बाहेर गेले ती थेट डॉक्टरीणबाईंकडं. त्या रागावल्या नाहीत. गुन्हाबिन्हा बघणं माझं काम नाही, म्हणाल्या, आणि कागदाच्या पाठीमागं मला चित्र काढून दाखवलं. हा किडा मुळात उंदराचा. उंदराच्या फुप्फुसाजवळच्या रक्तवाहिन्यांत राहतो. त्याची पिल्लं उंदराच्या लेंडीतून गोगलगायीत जातात. गोगलगाय घोरपडीच्या पोटात गेली की ती घोरपडीच्या मांसात, कलेजीत टिकून राहतात. ते कच्चं पोटात गेलं की माणसात. माणूस हे त्यांचं घर नव्हे. ती वाट काढत मेंदूपर्यंत पोचतात आणि तिथंच मरतात. मरताना जी सूज येते, तिनंच डोकं, डोळा, कातडीची आग. एका माणसाचं दुसऱ्याला होत नाही.

"मग मारायचं औषध द्या ना त्यांना," मी म्हणाले.

"तेच जपून द्यावं लागतं. सगळी एकदम मेली तर सूज आणखी वाढेल. आधी सूज उतरवायचं औषध, स्टेरॉइड. ते चालू ठेवून जंतांची गोळी द्यायची की नाही, ते बघून ठरवू. काही डॉक्टर देतच नाहीत. दाब वाढला तर पाणी पुन्हा काढू." मग त्या पुढं म्हणाल्या, "हे आधी कळलं असतं तर टीबीच्या गोळ्या मी केव्हाच बंद केल्या असत्या. नसत्या गोष्टी शोधत बसलो आपण." माझ्याकडं बघून म्हणाल्या, "भाजीचं विचारणं मात्र चूक नव्हतं. त्यातूनही होतं."

दापोडीच्या बाईच्या नवऱ्याला त्यांनी दुसऱ्याच दिवशी बोलावून घेतलं. त्याचं लवकर उतरलं. त्याच्या बायकोनं तोंड उघडलं म्हणून उतरलं.

माझ्या नवऱ्याला वेळ लागला. कण्यातलं पाणी आणखी एकदा काढलं. स्टेरॉइडनं तोंड सुजून गोल झालं. डोकं हळूहळू थांबलं, डोळा दिवाळीनंतर कधीतरी सरळ झाला. दोन्ही पायांची आग अजून आहे, थंडीत वाढते. पाठ तशीच दुखते, ते सांगायला नकोच. प्रेस शॉपमध्ये त्याच्या जागी माणूस लावून झाला होता. आता तो एका गोदामाच्या गेटवर वॉचमन आहे.

घरमालकिणीकडं मी गेले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, दारात सगळं विसरले. ती म्हणाली, "बस. तुजा राग आला व्हता मला. अजून हाय थोडा." आणि चहा टाकायला उठली. मला ते आवडलं. निदान एक माणूस तोंडावर खरं बोललं.

दिवाळीला दादा मिठाईचा बॉक्स घेऊन आला. नवरा "या या" म्हणत उठायला लागला. मी दारातच आडवी उभी राहिले. दादा म्हणाला, "वहिनी, त्याचं भलं व्हावं म्हणूनच दिलं होतं ना मी?" बहुतेक ते खरंच असावं. त्यानं माझा राग तसूभरही कमी झाला नाही. भलं करणारा माणूस डॉक्टरांसमोर तोंड शिवून उभा राहत नाही. मी बॉक्स घेतला नाही.

पुढच्या पावसाळ्यात दापोडीच्या बाईचा फोन आला. शॉपमध्ये नवीन आलेल्या एकाची कंबर धरली होती, आणि दादा त्याला गटारीला शेतावर ये म्हणत होता. मी सुट्टी टाकली. पाळी सुटायच्या वेळेला शॉपच्या गेटवर जाऊन उभी राहिले. माणसं बाहेर पडायला लागली तशी मी मोठ्यानं बोलायला सुरुवात केली. घोरपडीची कच्ची कलेजी खाऊन माझ्या नवऱ्याच्या मेंदूत किडे गेले, कुणी खाऊ नका, काही कच्चं खाऊ नका, आणि खाल्लंच असेल तर डॉक्टरांशी खोटं बोलू नका. काही जण हसले. एकानं मोबाइल काढला. वॉचमन म्हणाला, "ताई, इथं तमाशा नको." मी म्हणाले, "तमाशा आत चालतो. उचलायचं यंत्र दुरुस्त करा, म्हणजे कुणाला असली औषधं लागणार नाहीत." दादा गर्दीच्या मागून खाली मान घालून निघून गेला. कंबर धरलेला तो माणूस मात्र थांबला. त्यानं मला डॉक्टरीणबाईंचा दवाखाना कुठं आहे ते विचारलं.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "माझं नाव घ्यायची काय गरज होती?"

"मग कुणाचं घेऊ?"

मी अजून त्याला तूच म्हणते. त्यानंही कधी हटकलं नाही.

दादा अजून त्याच शॉपमध्ये आहे, आणि लोक त्याला अजून दादाच म्हणतात. मला भोसरीत भांडखोर बाई म्हणतात, तेही मला माहीत आहे. पण त्या व्हिडिओवरून कुणीकुणी माझा नंबर शोधून काढतं. परवा एका अनोळखी मुलीचा फोन आला. तिच्या नवऱ्याला डोकेदुखी, उलट्या, आणि काय खाल्लं ते तो सांगत नाही. तिला विचारायचं होतं, आता कोणत्या डॉक्टरकडं न्यायचं.

मी तिला डॉक्टरचं सांगितलं. आणि सांगितलं, जायच्या आधी नवऱ्याला पुन्हा विचार. गोड बोलून विचारू नको.